मेलेला मासा नेऊन उत्तर मिळत नाही : आजारी माशाचे सॅम्पल लॅबला कसे पाठवायचे



पाऊस तोंडावर आलाय. होड्या वर काढायची गडबड चालू आहे हे ठाऊक आहे, तरी दहा-पंधरा मिनिटे काढून हे वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा. गेल्या वर्षी आपल्याकडून जी चूक झाली, ती या वर्षी परत व्हायला नको.

गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाल्यावर नदीतल्या आपल्या पिंजऱ्यांत चोणक मरायला लागले, ते आठवत असेल. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी अकरा. पोरांनी मेलेले मासे गोळा करून बर्फाच्या फॅक्टरीतल्या फ्रीझरमध्ये टाकले. मधे रविवार आला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः ते दगडासारखे गोठलेले मासे पिशवीत घालून लॅबला घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही मासे आणलेत, पण यातून मी काहीच वाचू शकत नाही." मासे मेल्यावर बराच वेळ पाण्यात तरंगत होते, त्यामुळे आतले अवयव सडलेले. वर फ्रीझरमध्ये टाकल्याने उरलेल्या पेशीही फुटलेल्या. तोवर इकडे कोणीतरी दुकानातून अंदाजाने औषध आणून खाद्यात मिसळलेही होते. पैसे गेले, मासे गेले, आणि ते कशाने गेले ते आजपर्यंत आपल्याला कळलेले नाही. चूक लॅबची नव्हती, आपलीच होती. त्यातली अर्धी माझी.

पुढे ऑक्टोबरमध्ये परत काही चोणक खाद्य सोडून पाण्याच्या वर येऊन तोंड मारायला लागले, तेव्हा नीट पद्धतीने सॅम्पल नेले. जिवंत मासे नेले होते. लॅबने कल्ल्याचा छोटा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याच दिवशी सांगितले की कल्ल्यांना परजीवी चिकटलेत. अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नव्हता. जाळी बदलली, पिंजऱ्यातली गर्दी कमी केली, लॅबने सांगितला तो उपाय केला आणि बाकीचे मासे वाचले.

दोन्ही वेळा पाणी तेच होते आणि माणसेही तीच होती. फरक पडला तो सॅम्पल कसे घेतले त्यात. लॅबमध्ये कितीही मोठे यंत्र असो, आपण जे जपून नेऊ तेवढेच त्यांना वाचता येते. आणि ते जपायचे काम पहिल्या तासात, पाण्यावर, आपल्याच हातांनी होते.

आधी दोन गोष्टी बघा : रोग आहे की पाणी बिघडलंय?

मासे मरायला लागले की "रोग आला" असे आपण लगेच म्हणतो. पण आधी डोळ्यांनी बघा. एका रात्रीत सगळ्या जातींचे, लहान-मोठे सगळेच मासे मेले, पहाटेच्या वेळी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते, तर बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, किंवा वरून काहीतरी घाण सोडलेली असते. रोग असला तर सहसा एकाच जातीचे मासे मरतात, रोज थोडे थोडे, आणि आकडा वाढत जातो. हा नियम पक्का नाही, पण अंदाजाला उपयोगी पडतो.

म्हणून माशांबरोबर पाण्याचे सॅम्पलही त्याच वेळी घ्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग पाण्याखाली धरून काठोकाठ भरा आणि आत बुडबुडा न ठेवता बूच लावा. दुपारी घेतलेले पाणी पहाटेची गोष्ट सांगत नाही, हे लक्षात ठेवा.

पहिले काम : फोन

काही कापायच्या आधी फोन करा. आधी सोसायटीच्या ऑफिसात, मग तिथून मत्स्योद्योग खात्याला आणि लॅबला. आपल्या जवळ ओल्ड गोव्याला इला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. कारवारला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. खाऱ्या-मचूळ पाण्यातल्या कोळंबीच्या रोगांचे मोठे काम चेन्नईच्या सीबा या संस्थेत चालते. याशिवाय केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचे मोबाइल अॅप काढले आहे. त्यावरून फोटोसकट माहिती थेट पाठवता येते. ज्यांच्या घरात मोबाइल हाताळणारी पोरे आहेत त्यांनी ते आजच उतरवून ठेवा.

फोनवर तीन प्रश्न विचारायचे. सॅम्पल आज घ्याल का? जिवंत आणू की कापून आणू? कुठल्या बाटलीत काय घालू? प्रत्येक लॅबची थोडी वेगळी पद्धत असते. खाली लिहिलेली पद्धत सर्वसाधारण आहे. लॅबने वेगळे सांगितले तर लॅबचे ऐकायचे.

कुठला मासा घ्यायचा?

आजारी, पण जिवंत. हाच सगळ्यात मोठा नियम. कडेला येऊन सुस्त पडलेला, उलटासुलटा पोहणारा, खाद्य न घेणारा, अंगावर चट्टे असलेला मासा घ्या. मासा मेला की आपल्या गरम हवेत त्याचे अवयव आतून विरघळायला लागतात. सगळ्यात आधी कल्ले आणि आतडी जातात. बाजारात ज्याला आपण ताजा फडफडीत म्हणतो, तोसुद्धा मरून तीन-चार तास झालेला असला तर या कामाला शिळा असतो.

निदान पाच-सहा आजारी मासे घ्या. त्यांच्याबरोबर दोन-तीन चांगले दिसणारेही घ्या. चांगल्याशी ताडून बघितल्याशिवाय आजारी काय ते कळत नाही. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

शक्य असेल तर मासे जिवंतच लॅबपर्यंत न्या. ही पद्धत आपल्याला नवी नाही. हॅचरीतून बी आणतो तशीच दुहेरी प्लास्टिक पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर रबर. पाणी त्याच पिंजऱ्यातले किंवा तळ्यातले घ्या, नळाचे नको. ऊन लागू देऊ नका. जिवंत मासा मिळाला तर लॅबवाले कल्ल्याचा, पराचा छोटा तुकडा आणि कातडीवरचा बुळबुळीत थर काढून जागेवरच बघू शकतात. ऑक्टोबरमध्ये आपले काम याच गोष्टीने झाले.

एकाच माशाचे तीन डबे : बर्फ, फॉर्मॅलिन, अल्कोहोल

जिवंत नेता येत नसेल तर सॅम्पल तीन प्रकारे जपतात, आणि हे तीन प्रकार एकमेकांत मिसळून चालत नाहीत. गेल्या वर्षी आपला घोळ इथेच झाला.

बर्फ : जिवाणू तपासायचे असतील तर. अख्खा मासा स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून बर्फावर ठेवायचा. बर्फाचे वितळलेले पाणी माशाला लागता कामा नये. तो त्याच दिवशी, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर लॅबला पोचला पाहिजे. गोठवायचा मात्र नाही.

फॉर्मॅलिन : आतल्या अवयवांची रचना बघायची असेल तर. यात तुकडा आहे त्या अवस्थेत पक्का होतो, सडणे थांबते. फॉर्मॅलिनमध्ये जाणारा तुकडा कधीही फ्रीझरमध्ये ठेवलेला नसावा. पेशीत पाणी असते, गोठले की त्याचे खडे होतात आणि पेशी फाटते. मग लॅबवाल्याला आजाराने काय झाले आणि फ्रीझरने काय झाले ते वेगळे काढता येत नाही.

अल्कोहोल : विषाणू शोधायच्या पीसीआर तपासणीसाठी. इथे 95 टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल लागते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला तुकडा पीसीआरला नीट चालत नाही, म्हणून वेगळी बाटली.

एक सभासद मला विचारत होते, "फेणी चालत नाही का?" चालत नाही! फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच असते. हातावर लावायचे सॅनिटायझरही चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. अल्कोहोल लॅबकडूनच भरून घ्यायचे.

तुकडा कसा कापायचा?

हे काम शिकलेल्या माणसाने करावे. लॅबची माणसे आली तर त्यांनाच करू द्या. पण कोणी येण्यासारखे नसेल आणि मासा हातात मरत असेल, तर फोनवर विचारत विचारत आपल्यालाही करता येते. मासा तडफडत असताना कापू नका. त्याला आधी शांत कसा करायचा तेही फोनवर विचारा. लॅबमध्ये यासाठी लवंगेच्या तेलासारखी गुंगी आणणारी द्रव्ये वापरतात. डोक्यावर ठोका देण्याची आपली सवय इथे नको, कारण काही आजारांत मेंदू आणि डोळेच तपासायचे असतात. चोणकाच्या पिल्लांना होणारा नोडा विषाणूचा आजार त्यातलाच. त्यात पिल्ले गोल गोल फिरत पोहतात.

1. कापण्याआधी फोटो काढा. अख्खा मासा, दोन्ही बाजू, कल्ल्याचे झाकण उचलून आतला रंग, आणि जखम असली तर ती जवळून. मापासाठी बाजूला एक रुपयाचे नाणे ठेवा.

2. नवीन ब्लेड, हातमोजे, स्वच्छ फळी घ्या. मासळी विकायच्या फळीवर हे काम करू नका.

3. कल्ले सगळ्यात आधी घ्या, कारण ते सगळ्यात आधी खराब होतात. एका बाजूची एक कमान कात्रीने वर-खाली कापून काढा. चिमट्याने दाबू नका. दाबलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली चिरडलेलाच दिसतो.

4. मग पोट उघडा. आतडे फुटू देऊ नका, फुटले तर त्यातली घाण सगळ्या अवयवांना लागते. काळीज, प्लीहा, मूत्रपिंड, हृदय आणि आतड्याचा छोटा तुकडा घ्या.

मूत्रपिंड कुठे असते असे विचारणाऱ्यांनी घरच्या बायकांना विचारावे. मासा साफ करताना हवेच्या पिशवीच्या वर, काट्याला चिकटलेली काळपट-लाल पट्टी आपण रक्त म्हणून नखाने खरवडून टाकतो, तेच माशाचे मूत्रपिंड. रोगाच्या खुणा तिथे पुष्कळ वेळा सापडतात. म्हणून मी म्हणतो की या कामात आमच्यापेक्षा बाजारात मासळी कापणाऱ्या बायका हुशार. त्यांच्या हाताला अवयव ओळखता येतो, आणि त्यांचा हात हलका असतो.

5. तुकडा जाड घ्यायचा नाही. जाडी अर्धा सेंटीमीटर, फार तर. लांबी-रुंदी अंगठ्याच्या नखाएवढी पुरे. फॉर्मॅलिन तुकड्यात हळूहळू शिरते. तुकडा जाड असला तर बाहेरून पक्का आणि आतून सडका राहतो.

6. अंगावर जखम असेल तर तिचा मधला भाग घेऊ नका. तिथे सगळे मेलेले असते आणि बाहेरचे जंतू बसलेले असतात. जखमेची कड घ्या, थोडा आजारी आणि थोडा चांगला भाग एकाच तुकड्यात येईल अशी. रोग कुठून कुठे सरकतोय ते तिथेच दिसते.

7. बोटाएवढी लहान पिल्ले असतील तर अवयव काढत बसू नका. पोटाला चीर देऊन अख्खे पिल्लू फॉर्मॅलिनमध्ये सोडा. चीर दिली नाही तर आत औषध शिरत नाही.

फॉर्मॅलिन किती, कसे?

दुकानातल्या बाटलीतले फॉर्मॅलिन 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइडचे असते. ते तसेच वापरायचे नाही. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, म्हणजे 100 मिली फॉर्मॅलिनला 900 मिली पाणी. याला 10 टक्के फॉर्मॅलिन म्हणतात. त्यात ठरावीक क्षार घालून आम्लपणा काढलेले तयार द्रावणही मिळते. ते जास्त चांगले, आणि सोसायटी लॅबकडून तेच आणून ठेवणार आहे.

तुकड्याच्या दहापट द्रावण हवे. लोणच्याच्या बरणीसारखे ठासून भरायचे नाही. तुकडे मोकळे तरंगले पाहिजेत. बरणी रुंद तोंडाची घ्या. मऊ तुकडा अरुंद बाटलीत सहज जातो, पण फॉर्मॅलिनमध्ये कडक झाल्यावर तो बाहेर निघत नाही. मग लॅबवाल्यांना बाटली फोडावी लागते. तुकडे एक-दोन दिवस असेच सावलीत ठेवायचे. फ्रीज नको, ऊनही नको.

कोळंबीवाल्यांसाठी वेगळे

कोळंबीचा जीव डोक्यातल्या तांबूस-पिवळ्या ग्रंथीत असतो असे म्हटले तरी चालेल. कोळंबी मेली की ही ग्रंथी काही मिनिटांत विरघळायला लागते. म्हणून कोळंबी जिवंत असतानाच घ्यावी लागते आणि तिला साधे फॉर्मॅलिन पुरत नाही. डेव्हिडसन नावाचे द्रावण वापरतात. त्यात अल्कोहोल, फॉर्मॅलिन, ॲसिटिक आम्ल आणि पाणी असते. हे द्रावण सुईने आधी त्या ग्रंथीत आणि मग शेपटीकडच्या अंगात टोचतात. मग कवचाला बाजूने चीर देऊन कोळंबी दहापट द्रावणात सोडतात. एक ते तीन दिवसांनी ती 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवतात. सुई टोचताना द्रावण डोळ्यांत उडते, म्हणून चष्मा घाला. शिकल्याशिवाय हे करू नका.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची शंका असली तर पोहण्याचे पाय किंवा कल्ले कापून अल्कोहोलमध्ये घाला, एवढे प्रत्येकाला जमेल. या रोगात तीन ते दहा दिवसांत अख्खे तळे जाऊ शकते. त्यावर औषध नाही. खाजनात आपण सगळे एकाच पाण्यावर जगतो. तुमच्या मानशीतून ओहोटीला बाहेर गेलेले पाणी भरतीला शेजाऱ्याच्या मानशीतून आत येते. म्हणून सॅम्पलचा निकाल येईपर्यंत मानस बंद ठेवा, पाणी सोडू नका, एका तळ्यातली जाळी दुसऱ्यात वापरू नका. मेलेली कोळंबी बांधावर टाकू नका, कावळे-बगळे ती उचलून दुसऱ्या तळ्यात टाकतात. शेजाऱ्याला लपवू नका. आज त्याच्यापासून लपवाल, उद्या तो तुमच्यापासून लपवेल.

नाव-गाव लिहा, आणि पेन्सिलीने लिहा

प्रत्येक बरणीत कागदाची चिठ्ठी आत टाका. पेन्सिलीने लिहिलेली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लॅबला कोरा कागद पोचतो. चिठ्ठीवर तारीख, वेळ, पिंजरा किंवा तळे नंबर, माशाची जात, आणि आत काय आहे ते लिहा. बाहेरूनही तेच लिहून चिकटवा. झाकणावर एकट्यावर लिहू नका, झाकणे बदलतात.

सोबत एक कागद द्यायचा. त्यात हे हवे :

- मासे कधीपासून मरताहेत, रोज किती, एकूण किती होते
- वय, वजन, बी कुठून आणि कधी आणले
- काय दिसले : खाद्य सोडले का, पोहणे कसे, अंगावर काय
- पाणी : पाऊस, गढूळपणा, खारटपणा, तापमान, मोजले असेल तर
- खाद्य कुठले, हल्ली बदलले का
- औषध कुठले दिले, किती, कधी

शेवटची ओळ खरी लिहा. "काही दिले नाही" असे खोटे लिहिले तर नुकसान आपलेच. अँटिबायोटिक देऊन झाल्यावर घेतलेल्या सॅम्पलमध्ये जिवाणू उगवत नाहीत, आणि लॅब म्हणते की जिवाणू नाहीत. म्हणून क्रम असा : आधी सॅम्पल, मग औषध. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधे मत्स्यशेतीत बंद आहेत. ती सापडली तर माल परत येतो आणि नाव सगळ्यांचे खराब होते.

पॅकिंग आणि पाठवणे

बरणीच्या झाकणाभोवती टेप गुंडाळा. बरणी प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मधे कापूस किंवा वर्तमानपत्र, आणि हे सगळे कडक डब्यात किंवा थर्मोकोलच्या खोक्यात. बर्फाचे सॅम्पल आणि फॉर्मॅलिनची बरणी एका खोक्यात ठेवू नका. फॉर्मॅलिनची वाफसुद्धा जिवाणू मारते. कागदपत्र वेगळ्या कोरड्या पिशवीत.

शक्यतो माणूस पाठवा. सॅम्पल शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी पाठवू नका. ते कोणाच्या तरी टेबलाखाली सोमवारपर्यंत पडून राहते.

फॉर्मॅलिनबद्दल कडक सूचना

हे शेवटी लिहितोय, पण सगळ्यात महत्त्वाचे आहे. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याची बातमी आली, तेव्हा काय झाले ते आपण सगळ्यांनी भोगले. लोकांनी मासे खाणे सोडले. ज्यांचा त्या मासळीशी काही संबंध नव्हता, रापणीची ताजी मासळी घेऊन बसलेल्या आपल्या बायकासुद्धा टोपल्या घेऊन तशाच घरी परतल्या. तो विश्वास परत मिळवायला फार दिवस लागले.

म्हणून सोसायटीच्या कमिटीने ठरवले आहे. फॉर्मॅलिन कोणाच्याही घरी, होडीवर, बर्फाच्या फॅक्टरीत किंवा मासळीच्या शेडमध्ये ठेवायचे नाही. ते फक्त ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात, 'विष' असे लिहून. कोणी, कधी, किती नेले याची वहीत नोंद होईल. ज्या बरण्या, ब्लेड, ट्रे या कामाला वापरले ते परत मासळीला लावायचे नाहीत. सॅम्पल घेतलेला मासा विकायचा नाही, खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही. उरलेले द्रावण नदीत ओतायचे नाही, लॅबला परत द्यायचे.

फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. पोरांना जवळ येऊ देऊ नका. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेले तर धूत धूत डॉक्टरकडे जा.

निकाल आला की

फॉर्मॅलिनच्या तुकड्याचा निकाल दुसऱ्या दिवशी येत नाही. लॅबमध्ये तो तुकडा मेणात बसवतात, केसापेक्षाही पातळ काप काढतात, त्याला रंग देतात आणि मग माणूस बसून बघतो. काही दिवस लागतात. रोज फोन करून त्यांना हैराण करू नका, पण किती दिवसांनी विचारू ते आधीच विचारून ठेवा. तोवर पिंजऱ्यातले मेलेले मासे रोज काढून चुना घालून पुरा, गर्दी कमी करा आणि खाद्य कमी करा.

पीसीआरमध्ये विषाणू सापडला म्हणजे मरण्याचे कारण तेच, असेही नेहमी नसते. आणि सगळे नीट करूनही कधीकधी "निश्चित कारण सापडले नाही" असा निकाल येतो. तरीसुद्धा ते सॅम्पल फुकट जात नाही. अमुक रोग नाही एवढे तरी कळते, आणि नको ते औषध पाण्यात ओतण्यापासून आपण वाचतो.

ट्रॉलर आणि होडी मालकांना

तुम्ही म्हणाल, आमचे पिंजरे नाहीत, आम्हाला काय? पण नदीत आणि समुद्रात पहिला डोळा तुमचा आणि तुमच्या तांडेलाचा असतो. जाळ्यात अंगावर जखमा असलेले शेवटे किंवा काळुंदरे एकाच जागी बरीच आली, पाण्यावर मेलेली मासळी तरंगताना दिसली, तर फेकून पुढे जाऊ नका. फोटो काढा, जीपीएसवरची जागा आणि वेळ लिहा, दोन-तीन मासे पिशवीत घालून वेगळ्या बर्फात ठेवा आणि किनाऱ्याला येता येता फोन करा. एवढे केले तरी पुष्कळ आहे.

सोसायटीची पेटी

पाऊस सुरू व्हायच्या आत ऑफिसात सॅम्पलची एक पेटी तयार होते आहे : रुंद तोंडाच्या बरण्या, तयार फॉर्मॅलिन, अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या, ब्लेड, कात्री, चिमटा, हातमोजे, चष्मे, पेन्सिली, छापील फॉर्म, टेप, ऑक्सिजनच्या पिशव्या आणि थर्मोकोलचे खोके. प्रत्येक वाड्यावरून दोघांची नावे द्या, एक पुरुष आणि एक बाई. लॅबच्या माणसांना बोलावून आपण एक दिवस शिकून घेऊ. बाजारात मासळी कापणाऱ्या बायकांनी नाव द्यायला लाजू नये. खरे तर या कामात शिकवायला त्याच बसतील.

गेल्या जूनमध्ये किती चोणक मेले ते आपण मोजले. कशाने मेले ते मात्र कधीच सांगता येणार नाही. या जूनमध्ये तसे झाले तर निदान कारण तरी आपल्या हातात असू दे.

नावे ऑफिसात किंवा खाली कॉमेंटमध्ये द्या. काही शंका असतील तर विचारा.

आपला,
सेक्रेटरी